‘सोलापूरला हलवा’

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘सोलापूरला हलवा’ हे दोन शब्द ऐकले नाहीत असं घर सापडणार नाही. उमरग्याकडच्या माणसाला कधी लातूरचं नाव सांगतात, परंड्याच्या माणसाला बार्शीचं, कळंबच्या माणसाला अंबाजोगाईचं. पण बहुतेकांच्या वाट्याला सोलापूरच येतं. रात्री दोनला कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाईक स्ट्रेचर धरून उभे असतात, डॉक्टर चिठ्ठीवर चार ओळी लिहितात आणि घरातला कर्ता माणूस खिशातले पैसे मोजायला लागतो. गाडी कुणाची, डिझेल किती लागेल, बरोबर कोण जाईल, पहाटे म्हशीची धार कोण काढील. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला हे सगळं दिसत असतं. पुढच्या पानांतलं लेखन त्या डॉक्टरांविषयी आहे, आणि ती चिठ्ठी लिहून झाल्यावर त्यांनी आणखी काय लिहायला हवं याविषयी.

संस्थांच्या भाषेत याला जनवकिली म्हणतात. सरकारी दवाखान्यात त्याला साधा शब्द आहे, ‘वर कळवणं’. औषध संपलं, वर कळवलं. मशीन बंद आहे, वर कळवलंय. या दोन शब्दांत किती थकवा साचलेला असतो हे ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना ठाऊक आहे. तरीही मला तोच शब्द जवळचा वाटतो, कारण अपघात विभागातल्या डॉक्टरने धोरणाविषयी बोलायचं म्हणजे मुळात हेच करायचं असतं. समोर जे आलं ते ज्यांच्या हातात बदल आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचं, आणि पोचेपर्यंत थांबायचं नाही.

हे काम इतरांपेक्षा याच डॉक्टरने का करावं, असा प्रश्न येतो. बाह्यरुग्ण विभागात माणूस आजार घेऊन येतो. अपघात विभागात तो आजाराबरोबर सगळा गाव घेऊन येतो. वळणावर दिवा नसलेला रस्ता, कृषी सेवा केंद्रात चिठ्ठीशिवाय मिळणारी जहाल बाटली, जमिनीवर अंथरलेली वाकळ, कुलूप लागलेलं उपकेंद्र, चुकलेली शेवटची एसटी. एका टेबलावर एका रात्रीत हे सगळं येऊन पडतं. मंत्रालयात हे विषय सहा वेगवेगळ्या खात्यांत वाटलेले आहेत. ते सगळे एकत्र बघणारा सरकारी पगारावरचा माणूस बहुधा एकच, रात्रपाळीचा वैद्यकीय अधिकारी.

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, श्रावणातल्या एका रात्री मण्यार चावली. १०८ ची गाडी सुरू होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून ते झोपले होते. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे त्यांच्या पोटात कळा आल्या, मग पापण्या जड झाल्या, मग शब्द अडखळायला लागले. पान लागलंय हे कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांना आधी मारुतीच्या देवळात नेलं आणि कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला नाही तर विष चढलं, असा आमच्याकडे समज. तिथे तास गेला. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू केलं, पण तोवर तात्यांचा श्वास मंदावला होता. कृत्रिम श्वासाचं यंत्र तिथे नव्हतं, ते सोलापूरला. त्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि चिठ्ठीबरोबर स्वतःही जीपमध्ये चढले. तोंडावर मास्क दाबून अम्बू बॅग हाताने दाबत राहिले. दाबा, सोडा. दाबा, सोडा. सोलापूर येईपर्यंत दीड तास त्यांनी माझ्या चुलत्यांच्या फुप्फुसांचं काम आपल्या पंजाने केलं. त्यांचा हात वळला की माझे वडील दाबायचे आणि डॉक्टर मोजायचे.

तात्या आठवडाभर यंत्रावर होते, मग उठून बसले. पुढे वीस वर्षं त्यांनी शेती केली.

ते तरुण डॉक्टर आम्हाला सोलापूरला पोचवून दुसऱ्या दिवशी एसटीने परत गेले. धुतलेली अम्बू बॅग पिशवीत घालून मांडीवर घेतली होती, कारण दवाखान्यात तेवढी एकच होती आणि ती आमच्याबरोबर आल्यामुळे रात्रभर तिथे काहीच नव्हतं. परत गेल्यावर त्यांनी वर एक अर्ज केला. दोन बॅगा द्या, एक इथे राहील, एक रुग्णाबरोबर जाईल. कारण म्हणून त्यांनी तात्यांची सगळी हकीकत वेळांसह लिहिली होती. पुढच्या पावसाळ्यात मी त्या दवाखान्यात गेलो तेव्हा भिंतीवर दोन बॅगा टांगलेल्या होत्या. धोरण हा शब्द मी त्यानंतर मोठमोठ्या सभागृहांत ऐकला. मला त्याचा अर्थ त्या खुंट्यांवर कळला.

सर्पदंश हा आपल्या भागातला अपघात विभागाचा सगळ्यात जुना पाहुणा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांचं विष उतरवणारं एकच औषध आपल्याकडे वापरतात. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायला लाखाचं यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायचं. गुठळी झाली नसेल तर औषध द्यायचं. नळी काचेची हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. खरेदीच्या यादीत काचेऐवजी प्लास्टिकच्या नळ्या आल्या तर निदान चुकणार, हे खरेदी करणाऱ्याला कुठून कळणार? ते कॅज्युअल्टीतूनच सांगावं लागतं.

मोठ्या पातळीवरही हेच घडलं. २००५ साली भारतात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसं गेली असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’ने २०११ मध्ये मांडला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत दिसणाऱ्या आकड्याच्या तो तीस पटींहून मोठा होता. बाकीचे मृत्यू झाले नव्हते असं नाही, ते घरी, देवळात आणि वाटेत झाले होते, म्हणून कागदावर आले नव्हते. त्यानंतरच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात मृत्यू बारा लाखांच्या घरात असल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा काढला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितली. ही वाट चालायला कित्येक वर्षं लागली. ती पाडणाऱ्यांत खेड्यांतल्या दवाखान्यांत बसून प्रत्येक रुग्णाची टाचणं ठेवणारे डॉक्टर होते.

त्यांच्यातलं मराठी वाचकाला ठाऊक असलेलं नाव म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्याच मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नोकरी मिळाली कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे लाल विंचू चावलेली मुलं फेसाळ कफ येऊन, फुप्फुसांत पाणी होऊन डोळ्यांसमोर जायची. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी इथे चालते हे त्यांनी दाखवलं, आणि चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यांची आणखी एक गोष्ट तितकीच मोठी वाटते. रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने त्यांना कमिशनचा धनादेश पाठवला, तेव्हा त्यांनी तो परत करून विषय मिटवला नाही, २०१३ मध्ये वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. विंचवाविषयी लिहिणारा हात आणि कट प्रॅक्टिसविरुद्ध लिहिणारा हात एकच होता. रुग्णाचं नुकसान दोन्हीकडे होतं आणि ते त्यांना जवळून दिसत होतं.

आता ज्या विषयावर आमच्या जिल्ह्यात हळू आवाजात बोललं जातं, त्याकडे येतो. कीटकनाशक. २०१५ मध्ये शासनाने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांत. कर्ज, पाऊस, भाव, सावकार, लग्नं यांवर तेव्हापासून पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं. पण कॅज्युअल्टीतला डॉक्टर यात एक वेगळी गोष्ट सांगू शकतो: माणूस वाचेल की नाही हे पुष्कळदा बाटलीवरच्या नावावर ठरतं. विष घेतलेल्या दोन माणसांची त्या क्षणाची वेदना सारखीच असते. एक उपचारानंतर घरी जातो, शांत होतो, मुलांची लग्नं करतो. दुसऱ्याला अॅट्रोपिनची इंजेक्शनं देत देत सकाळ होते आणि तो जातो, कारण त्याच्या हाताला लागलेलं औषध अधिक जहाल होतं. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी आणि विषतज्ज्ञांनी हाच फरक मांडला. तिथे १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथॅमिडोफॉस, १९९८ मध्ये एन्डोसल्फान बंद झालं, पुढे आणखी काही औषधं गेली. शेती बुडाली नाही, आणि आत्महत्यांनी होणारे मृत्यू पुढच्या दोन दशकांत खूपच खाली आले. आपल्याकडे २०१३ मध्ये बिहारमधल्या शाळेत २३ मुलं ज्या विषाने गेली ते मोनोक्रोटोफॉसच होतं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी, मजूर दगावले. मोनोक्रोटोफॉसचं सर्रास विकलं जाणारं द्रावण थांबवण्याचा केंद्राचा निर्णय आला २०२३ मध्ये. श्रीलंकेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. या अठ्ठावीस वर्षांत आपल्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एमएलसीचं, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांचं, रजिस्टर भरत होतं. त्यात बाटलीचं नाव लिहायला वेगळा रकाना असता आणि ते आकडे कुणी दर वर्षी कृषी खात्याच्या टेबलावर नेऊन आपटले असते, तर हा निर्णय इतका उशिरा आला नसता असं माझं ठाम मत आहे.

किल्लारीच्या भूकंपाचा उल्लेख केल्याशिवाय इथल्या आपत्कालीन वैद्यकाविषयी बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गावं गाढ झोपलेली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर जाड माळवद. जी घरं उन्हाळ्यात गारवा देत होती तीच अंगावर आली. ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला माणूस बोलत असतो, पाणी मागतो, आणि ओढून काढल्यावर काही तासांत जातो, हे तेव्हा कितीतरी जणांनी पाहिलं. चिरडलेल्या स्नायूतलं विषारी द्रव्य एकदम रक्तात उतरतं आणि हृदय, मूत्रपिंड बंद पडतात. त्याला बाहेर काढण्याआधीच सलाइन सुरू करायचं असतं. हे आज बचाव पथकांना शिकवतात. सास्तूरला पुढे स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. राज्यात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आले तेही या भूकंपानंतर. एवढ्या मरणातून एवढी व्यवस्था उभी राहिली. एकेका रुग्णाच्या मरणातून व्यवस्था उभी राहत नाही, कारण ती मरणं एकाच पहाटे होत नाहीत.

कायद्याच्या बाजूने आपण तोकडे नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांची वाट न बघता जखमीवर उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. त्या प्रकरणात गाडीने उडवलेल्या स्कूटरवाल्याला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नव्हतं, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयाकडे पाठवलं, आणि तो वाटेत गेला. १९९६ चा निकाल पश्चिम बंगालचा. शेतमजुरांच्या संघटनेचा सदस्य असलेला हकीम शेख रेल्वेतून पडला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून त्याला पुढे पाठवलं. न्यायालय म्हणालं, पैसे नाहीत ही सबब सरकारला जीव वाचवण्याच्या जबाबदारीतून सोडवत नाही. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. राज्यात जानेवारी २०१४ पासून १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यांतल्या २३३ मध्ये प्रगत सोयी, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. माझ्या तात्यांच्या वेळी जे एका डॉक्टरने मनाने केलं ते आता व्यवस्थेने करायचं ठरवलं आहे.

यातला एक धागा मात्र मला टोचतो. कटारा मानवी हक्कांसाठी झगडणारे होते. हकीम शेखसाठी मजुरांची संघटना उभी राहिली. डॉक्टर या दोन्ही कथांत आहेत ते प्रतिवादी म्हणून. याचं कारण डॉक्टर वाईट असतात हे नाही. रात्रपाळीचा डॉक्टर भीतीत असतो. वर अधिकारी, समोर पन्नास नातेवाईक, मागे एक शिपाई. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण पहाटे तीन वाजता तो भिंतीवरच्या फलकावर असतो. अशा वेळी ‘हलवा’ हा शब्द रुग्णाइतकाच डॉक्टरलाही वाचवतो. म्हणून सुरक्षा, मनुष्यबळ आणि उपकरणं हे मागण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, आणि ते मागताना रुग्णाच्या बाजूने मागितलं तर गाव त्यांच्या मागे उभं राहील याची मला खात्री आहे.

धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्याचं नाव बदललं त्याच्या पुढच्या वर्षी. आपत्कालीन वैद्यक ही आपल्या देशात २००९ पासून मान्य असलेली स्वतंत्र शाखा. राष्ट्रीय नियामकाने २०२० च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयांना हा विभाग बंधनकारक केला होता, २०२३ च्या नियमावलीतल्या आवश्यक विभागांत मात्र तो राहिला नाही. देशभरातल्या या शाखेच्या डॉक्टरांच्या संघटनांनी याला विरोध केला. पुण्यामुंबईतल्या महाविद्यालयाला हा विभाग असला काय नसला काय, शेजारी चार रुग्णालयं आहेत. आमच्यासारख्या जिल्ह्यात नव्या महाविद्यालयाचा सगळ्यात मोठा उपयोग याच विभागाचा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरकडे लाखो माणसं रात्रभर पायी चालत येतात. त्या रस्त्यावर कुणाला छातीत कळ आली तर ती कुठल्या विभागाची, हे नियमावली लिहिणाऱ्यांनी सांगावं.

शेवटी मोजण्याविषयी. मोजण्याच्या बाबतीत हा जिल्हा मागासलेला नाही, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव असलं तरी. १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भारतातली ती पहिली. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने याच जिल्ह्यातल्या ५२ गटांमधल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला: एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, जवळपास तेवढ्याच बायकांच्या तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या ६४ जणींची तपासणी का केली नाही, हा प्रश्न नंतर विचारला गेला आणि तो विसरता येणारा नाही. पण त्या आकड्यांनी जगातल्या कित्येक देशांची तपासणीची धोरणं हलवली. आमच्या परंड्याच्या, लोहाऱ्याच्या आयाबहिणींनी.

शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असंच एक साधं मोजमाप केलं होतं. १९८३ च्या अखेरीस बेचाळीस दिवस, इतर रुग्णालयांनी आपल्याकडे हलवलेल्या ४६७ रुग्णांची नोंद. त्यांतल्या ८७ टक्क्यांना पाठवण्याचं कारण विमा नसणं हे होतं. जवळपास चौथ्या हिश्श्याची प्रकृती हलवण्याजोगी नव्हती. लेखी संमती फक्त ६ टक्क्यांची. १९८६ मध्ये हा अभ्यास छापून आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला: दारात आलेल्या रुग्णाला तपासा, आधी स्थिर करा, मगच हलवा.

बेचाळीस दिवस. उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा, भूम, वाशी, लोहारा आणि धाराशिव इथल्या सरकारी दवाखान्यांत रेफरचं रजिस्टर आहेच. त्यात एवढंच वाढवायचं: हलवलं ते कशासाठी, त्या वेळी इथे काय नव्हतं, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, आणि तिसऱ्या दिवशी सोलापूरला फोन करून विचारायचं, पेशंट कसा आहे.